कारण सांगणारे खूप आहेत, मुलाशेजारी बसणारं कुणी हवंय

प्रश्न: नमस्कार. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, बोलत नाही, शिवाय फिट्स येतात, त्याची गोळी चालू आहे. मोठी मुलगी १३ ची. आम्ही दोघंही लहानपणापासून श्रद्धाळू, दर आठवड्याच्या प्रार्थनेला न चुकता जाणारे. मुलाला तिथलं गाणं फार आवडतं, गाणं सुरू झालं की टाळ्या वाजवतो आणि मोठ्याने आवाज काढतो. एकदा सगळ्यांसमोर एकांनी सांगितलं की याला बाहेर न्या, लोकांचं लक्ष लागत नाही. तेव्हापासून मी जाणं बंद केलं. नंतर तिथल्याच एक बाई घरी येऊन म्हणाल्या की हे आईबापाच्या पापाचं फळ असतं, भोगूनच संपतं. अजून एकजण म्हणतात की खरा विश्वास असेल तर गोळी बंद करा आणि देवावर सोडा, ते आम्हाला प्रार्थनेने बरं करणाऱ्या माणसाकडे न्यायला तयार आहेत. मिस्टर आता घरात देवाचं नाव काढू देत नाहीत. मला मात्र प्रार्थना केल्याशिवाय झोप लागत नाही. मी परत जाऊ का, की हे सगळं सोडून देऊ?
– एक आई

उत्तर:

ताई,

आधी गोळीचं बोलते. बाकी सगळ्याचा विचार सावकाश केला तरी चालेल, हे मात्र आजच्या आज पक्कं करा. फिट्सचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून एकदम बंद करायचं नाही, कितीही मोठा भक्त असू दे. अचानक बंद केलं की आधीपेक्षा जोराची फिट येऊ शकते, एकामागून एक येत राहू शकतात, न थांबणारी फिट येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. जगात साधारण ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात. मग जे इतक्या लोकांच्या उपयोगी पडतं ते देवाच्या विरोधात कसं असेल? गोळी हातात घेऊन प्रार्थना करा आणि मग ती त्याला द्या, यात कुठेही विश्वास कमी पडत नाही. त्या गृहस्थांना एवढंच सांगा की औषधाचं डॉक्टर बघतील, तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करा, ती मला हवीच आहे.

आता त्या बरं करणाऱ्या माणसाबद्दल. अमेरिकेत जोनी एरिक्सन टाडा म्हणून एक बाई आहेत, १९६७ मध्ये १७ वर्षांच्या असताना पाण्यात सूर मारताना मानेला मार लागला आणि खांद्याखालचं शरीर लुळं पडलं. कट्टर श्रद्धाळू. बरं होण्यासाठी त्या एका फार प्रसिद्ध प्रार्थनासभेला गेल्या होत्या, आणि त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय की सभा संपायच्या आधीच व्हीलचेअरवाल्यांना लिफ्टकडे न्यायला सुरुवात झाली, आणि तिथे सगळे रांगेत, कुणीच बरं झालेलं नाही. त्यांची श्रद्धा काही गेली नाही. १९७९ मध्ये त्यांनी अपंग माणसं आणि त्यांच्या घरच्यांसाठी संस्था सुरू केली, ती आजही चालू आहे, हजारो कुटुंबांना व्हीलचेअर, कॅम्प, आधार असं सगळं त्यातून मिळालंय. मला हे महत्त्वाचं वाटतं की बरं न झालेल्या बाईला कुणी 'तुझाच विश्वास कमी पडला' असं म्हटलं असतं आणि तिने ते मानलं असतं तर हे काहीच उभं राहिलं नसतं.

याची एक भयंकर बाजूही आहे आणि ती मी लपवणार नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ऑटिझम असलेला एक ८ वर्षांचा मुलगा अशाच प्रार्थनेत मेला, त्याच्या अंगातलं वाईट काढायचं म्हणून त्याला दाबून धरलं होतं, त्यात त्याचा श्वास कोंडला. तिथे कुणाला त्याला मारायचं नव्हतं, सगळे त्याच्या भल्यासाठीच जमले होते. म्हणून ताई, एक नियम: तुमच्या मुलासाठी प्रार्थना कुणीही करू दे, पण त्याला धरून ठेवायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, कोंडायचं नाही आणि तुम्हाला खोलीबाहेर काढायचं नाही. यातलं काहीही सुरू झालं की मुलाला घ्या आणि निघा, कुणाचा मान अपमान बघत बसू नका.

पापाचं फळ या वाक्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलंय पण सगळ्यात खोल तेच रुतलंय हे कळतं. तुमचा धर्म कोणता ते तुम्ही लिहिलंय, मी इथे मुद्दाम छापत नाहीये, कारण हे वाक्य सगळीकडे ऐकवलं जातं, फक्त शब्द बदलतात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला त्याच धर्मातून उत्तर आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य अगदी हेच विचारतात, हा माणूस जन्मतः आंधळा आहे तर पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू सांगतो, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. बौद्ध सूत्रांत सीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे फिरता संन्यासी, बुद्धाला विचारतो की माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं मागच्या कर्मामुळेच असं काही लोक म्हणतात, तुम्हाला काय वाटतं, तर बुद्ध म्हणतो असं म्हणणारे चूक आहेत, आणि पित्त, कफ, वात, ऋतूतले बदल, अपघात अशी इतर कारणं मोजून दाखवतो. महाभारतात अष्टावक्राची गोष्ट आहे, आठ ठिकाणी वाकलेलं शरीर, तेही वडिलांच्या रागातून गर्भातच मिळालेल्या शापाने, आणि तोच पोरगा जनकाच्या सभेत, ज्या पंडिताशी वादात हरल्यामुळे वडिलांना पाण्यात बुडवलं होतं, त्यालाच हरवून वडिलांना परत आणतो. कुराणात ८० व्या सूरेची सुरुवात बघा, एक आंधळा माणूस शिकायला आला आणि मोठ्या लोकांशी बोलणं चालू असल्यामुळे त्याच्याकडे दुर्लक्ष झालं, तर खुद्द पैगंबरांना त्यावरून समज देणाऱ्या ओळी आहेत. तेव्हा त्या बाई तुमच्या घरी बसून जे बोलल्या तो धर्माचा शेवटचा शब्द आहे असं मानू नका, त्यांचा आवाज फक्त तुमच्या जास्त जवळून आला एवढंच.

आणि वैद्यकीय बाजू तर सरळच आहे. ऑटिझममध्ये जनुकांचा वाटा खूप मोठा आहे, मेंदूची जडणघडण वेगळी होते आणि ती सुरुवात बहुतेक जन्माच्या आधीच होते. गेल्या शतकात काही वर्षं डॉक्टरच म्हणत होते की आई थंड असते, माया करत नाही म्हणून मूल असं होतं, अक्षरशः आयांना दोषी धरलं जायचं, आणि नंतर ते साफ खोटं ठरलं. म्हणजे आईला दोष द्यायची सवय फक्त देवाचं नाव घेणाऱ्यांचीच नाही, ती सगळीकडे आहे, त्यामुळे तुम्ही तरी स्वतःला त्यातून सोडवा.

मी हे इतकं लावून का धरतेय, तर याचा तब्येतीशी संबंध आहे. केनेथ पार्गामेंट नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर हाच अभ्यास केला की संकटात श्रद्धा माणसाला कशी वापरता येते. त्यातून दिसलं ते असं की देव सोबत आहे, माणसं सोबत आहेत असं मानणाऱ्याला श्रद्धेचा आधार होतो, पण देव मला शिक्षा देतोय, देवाने मला टाकलंय असं ज्याच्या मनात बसतं त्याचं दुःख उलट वाढतं, निराशा वाढते. तुमची रात्रीची प्रार्थना पहिल्या प्रकारची आहे, ती अजिबात सोडू नका. त्या बाईंनी घरात आणून ठेवलं ते दुसऱ्या प्रकारचं आहे, ते घरात ठेवायची सक्ती नाही. परत आल्या तर चहापाणी करा पण या विषयावर 'आम्हाला हे पटत नाही, यावर बोलायचं नाही' असं स्पष्ट म्हणा, तेही मुलीसमोर म्हणा म्हणजे तिलाही कळेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, परत जाऊ का.

आधी हे ऐका की ही गोष्ट तुमच्या एकट्याची नाही. २०१८ मध्ये अँड्र्यू व्हाइटहेड या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मुलांच्या आरोग्याच्या राष्ट्रीय सर्व्हेचे आकडे तपासले, तेव्हा ऑटिझम असलेली मुलं प्रार्थनास्थळी कधीच न जाण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जवळपास दुप्पट निघाली. ज्यांना बोलण्यात, वागण्यात, लोकांत मिसळण्यात अडचण आहे ती मुलं आणि त्यांची घरं गळतात, जिथे अडचण शरीराची असते, म्हणजे ऐकू कमी येतं किंवा दिसत नाही, तिथे एवढा फरक पडत नाही. रॅम्प बांधला की झालं असं समजणाऱ्यांनी हे वाचायला हवं. २०१३ च्या दुसऱ्या एका अभ्यासात तिथल्याच साधारण एक तृतीयांश पालकांनी सांगितलं की मुलाला सामावून घेतलं नाही म्हणून आम्ही प्रार्थनास्थळच बदललं. लक्षात घ्या, बदललं, देव सोडला नाही.

आणि कधी कधी घराबाहेर काढलेल्यांनीच घर बांधलंय. १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या एका जोडप्याला आपल्या दोन्ही मुलांना घेऊन लूर्द या तीर्थाला जायचं होतं, दोन्ही मुलं गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेली. बाकी यात्रेकरूंबरोबर त्यांना घेतलं नाही. ते स्वतःच गेले तर हॉटेलने सांगितलं की जेवण खोलीतच करा. त्यांचं हे दुःख ऐकून काही लोकांनी ठरवलं की अशा मुलांची आणि त्यांच्या घरच्यांचीच यात्रा काढायची, आणि १९७१ च्या ईस्टरला लूर्दला १५ देशांतून १२ हजार माणसं आली, त्यात सुमारे ४ हजार बौद्धिक अपंगत्व असलेली. त्यातून 'फेथ अँड लाइट' हे छोट्या छोट्या गटांचं जाळं तयार झालं, सत्तरहून जास्त देशांत. हे गट करतात काय? महिन्यातून एकदा मूल, आईबाप आणि मित्र असे जमतात, गातात, खातात, प्रार्थना करतात. बस एवढंच. पण अशा घराला एवढंही कुठे मिळत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून माझं मत असं की जा, पण आधीसारखं गुपचूप मागे बसायला जाऊ नका, काहीतरी ठोस मागायला जा. आजवर तुम्हाला तिथे कारणं मिळाली, उपाय मिळाले, उपदेश मिळाला. वेळ कुणी दिला? मुलाशेजारी कोण बसलं? धर्माच्या नावाने एकत्र येणाऱ्या माणसांकडे डॉक्टरांचं ज्ञान नसेल पण माणसं असतात, रिकामे तास असतात, जागा असते, आणि तुमच्या घराला नेमकं तेच कमी पडतंय. तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातली मोशेची गोष्ट मला याबाबतीत फार आवडते, तो देवाला म्हणतो माझी जीभ जड आहे, मला बोलता येत नाही, तर देव त्याची जीभ दुरुस्त करून देत नाही, त्याच्या भावाला त्याच्याबरोबर पाठवतो.

मागायचं कसं, तर सगळ्यांसमोर नाही. जे प्रमुख आहेत, पुजारी, पाद्री, इमाम, भंते जे असतील ते, त्यांना आठवड्यातल्या मोकळ्या दिवशी एकट्याने भेटा. मुलाबद्दल एका पानावर लिहून न्या: नाव, त्याला काय आवडतं (गाणं सगळ्यात वर लिहा), कशाने घाबरतो, हवं असलं की कसं सांगतो, आणि फिट आली तर काय करायचं. फिटचं नीट लिहा, म्हणजे कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर ॲम्ब्युलन्स. मग मागा. दाराजवळची ठरलेली जागा, मध्येच उठून आत बाहेर करायची मोकळीक, बाजूला एखादी शांत खोली जिथे आतला आवाज ऐकू येईल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक माणूस, दर वेळी तोच, जो त्याच्याशेजारी बसेल म्हणजे तुम्हाला थोडा वेळ तरी डोळे मिटून बसता येईल. 'याला बाहेर न्या' म्हणणाऱ्यांच्या बोलण्याचंही सांगा, तक्रार म्हणून नाही, पण पुढच्या वेळी कुणी असं बोललं तर उत्तर आईने द्यायचं की तुम्ही, हे विचारा. हे त्यांच्याकडून वदवून घ्या.

आणि टाळ्यांचं काय करायचं? गाण्याच्या वेळी टाळ्या वाजवणारं मूल चुकीचं काय करतंय मला कळत नाही. जमलं तर त्याला काहीतरी काम द्यायला सांगा, गाण्याची पुस्तकं वाटणं, चटया घालणं, त्याला झेपेल ते. एरिक कार्टर नावाचे संशोधक आहेत, अपंग माणसं आणि धार्मिक समूह यांवरच काम करतात, त्यांचं म्हणणं की नुसतं आत घेणं पुरत नाही, त्या माणसाची तिथे गरज वाटली पाहिजे, तो आला नाही तर त्याची उणीव जाणवली पाहिजे. तुम्ही एवढे दिवस गेला नाहीत, कुणाचा फोन आला का हो? ज्यांचा आला असेल त्यांच्यापासून सुरुवात करा.

पहिल्यांदा जाल तेव्हा फक्त गाण्यापुरतं जा आणि निघा. जमलं तर हळूहळू वाढवा. एखादा दिवस फिस्कटणारच, त्यावरून ठरवू नका. पण तीन चार महिने झाले तरी तीच नजर, तेच बोल, शेजारी कुणीच नाही, असं असेल तर दुसरीकडे जा किंवा अशाच चार घरांनी मिळून घरी जमा, मन खाऊ देऊ नका.

ज्यांना वाटतं की असा आधार फक्त कागदावर असतो त्यांच्यासाठी दोन उदाहरणं देते. १९९४ मध्ये मिशिगनमध्ये ज्यू लोकांनी 'फ्रेंडशिप सर्कल' सुरू केलं, त्यात शाळा कॉलेजातली मुलं ठरलेल्या वेळी अपंग मुलाच्या घरी जाऊन त्याच्याशी खेळतात, मुलाला मित्र मिळतो आणि आईला श्वास. २०१४ मध्ये अमेरिकेतच 'मुहसेन' ही मुस्लिमांची संस्था निघाली, ती मशिदींना सांगते की व्हीलचेअरची सोय, खुणांची भाषा, वेगळ्या मुलांसाठी वर्ग हे सगळं कसं करायचं. यातलं पहिलं तर तुमच्याकडे उद्या होऊ शकतं, त्याला बिल्डिंग लागत नाही, दोन पोरं आणि एक ठरलेली वेळ लागते. तुम्हाला लोक म्हणतच असतील 'काही लागलं तर सांगा', तर सांगा की, गुरुवारी पाच ते सहा त्याच्याजवळ बसाल का, असं दिवस आणि वेळेसकट सांगा. निम्मे लोक कारण देतील, उरलेले येतील.

फक्त सुरुवातीला तुम्ही घरातच राहा, आणि मुलाला कुणाही एकट्या माणसाबरोबर बंद दाराआड सोडायचं नाही, कितीही सज्जन असला तरी. बोलता न येणारं मूल सांगू शकत नाही. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात अपंग मुलांवर हिंसा होण्याचं प्रमाण इतर मुलांच्या साधारण पावणेचार पट निघालं होतं. आणि वर ज्या 'फेथ अँड लाइट'चं सांगितलं त्याच्या दोन संस्थापकांपैकी एक जाँ व्हानिए, लोक त्यांना जिवंतपणीच संत मानायचे, आणि ते गेल्यावर २०२० मध्ये त्यांनीच बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी काढलेल्या 'लार्श' या संस्थेने करून घेतलेल्या चौकशीत निघालं की आध्यात्मिक मार्गदर्शन करताना त्यांनी महिलांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्या महिला अपंग नव्हत्या, पण त्यांनी पूर्ण विश्वास टाकलेला होता. गटांचं चांगलं काम खरं आहे आणि हेही खरं आहे, म्हणून दार उघडं, दोन मोठी माणसं, आणि अधूनमधून न सांगता डोकावणं, यात कुणाला राग येत असेल तर तो माणूस नकोच.

मिस्टरांना ओढून नेऊ नका. त्यांचा राग देवावर दिसतोय पण मला वाटतं तो त्या दिवशी मुलाला बाहेर काढणाऱ्यांवर आहे, आणि तो रास्त आहे. त्यांना एकदा म्हणा की तुम्ही चिडलात ते मला बरोबर वाटतं, मी प्रार्थना करते ते मला झोप लागावी म्हणून करते, तुम्ही नाही केली तरी चालेल, फक्त मला करू द्या. आणि त्या प्रमुखांना भेटायला जाताना त्यांना यायचं असेल तर येऊ द्या, त्यांना जे बोलायचंय ते बोलू द्या, ऐकून घेणारा प्रमुख असेल तर तिथेच कळेल की ही जागा तुमची आहे की नाही.

राहता राहिली मुलगी. अख्ख्या पत्रात तिच्याबद्दल फक्त वय आहे. १३ वर्षांची पोर, तिनेही ते सगळं ऐकलंय, भावाला बाहेर काढताना बघितलंय, आणि तिलाही प्रश्न पडला असेल की पापाचं फळ म्हणजे आपल्या घरावर काही आहे का. तिच्याशी याच आठवड्यात बोला, भाऊ झोपल्यावर, आणि ती काय म्हणाली ते मला नक्की कळवा.